१४ मीटरची मगर: एका फसलेल्या भयपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका भयपटाचं आहे. चित्रपट आणि त्यातली माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. निर्णय कसे झाले, ते मात्र झालं तसंच सांगते आहे. पहिला कट, म्हणजे संकलित केलेली पहिली आवृत्ती, तयार होऊन त्याचा निवडक प्रेक्षकांसमोर चाचणी खेळ झाल्यावर मी संकलक म्हणून या कामात दाखल झाले. त्याआधीचं जे इथे येतं ते पटकथेचे मसुदे, रशेस (न कापलेलं मूळ चित्रीकरण) आणि सेटवरच्या लोकांशी झालेल्या बोलण्यातून कळलेलं आहे.

कथा साधी होती. एका धरणाचा जलाशय. पाणी उतरत जातं तशी बुडालेल्या वस्तीची पडकी घरं वर येऊ लागतात, आणि त्या भिंतींच्या आडोशाला एक मोठी मगर राहते आहे हे हळूहळू उघड होतं. नायिका धरणावरची अभियंता. सोबत तिचा धाकटा भाऊ आणि एक म्हातारा नावाडी.

पटकथेच्या पहिल्या मसुद्यात मगर ७ मीटरची होती. हा आकडा उगाच आलेला नव्हता. २०११ मध्ये फिलिपिन्समध्ये पकडलेली खाऱ्या पाण्यातली मगर ६.१७ मीटर लांब भरली होती आणि तिचं वजन टनापेक्षा थोडं जास्त होतं. म्हणजे ७ मीटर हा आकडा छातीत धडकी भरवणारा आहे, पण ऐकणारा ‘असू शकेल’ असं म्हणतो. लेखिकेनं मगरीचा अभ्यासही मन लावून केला होता. मगरीचा जबडा मिटतो तो भयानक ताकदीनं. मोठ्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या चाव्याचा जोर १६,००० न्यूटनच्या वर मोजला गेला आहे. पण जबडा उघडणारे स्नायू त्या मानानं अगदीच दुबळे. म्हणूनच मगरी पकडणारे लोक तिचं तोंड साध्या दोरीनं किंवा चिकटपट्टीनं बांधू शकतात.

मूळ शेवट याच गोष्टीवर उभा होता. पडक्या घरांमधल्या चिंचोळ्या बोळात नायिका आणि नावाडी कमरेएवढ्या पाण्यात उभे आहेत, हातात दोरीचा फास आहे आणि मगरीनं एकदा जबडा मिटावा म्हणून ते थांबले आहेत. मिटला की फास टाकायचा. चुकला तर दुसरी संधी नाही. मी तो मसुदा नंतर वाचला, आणि वाचतानाच हाताला घाम सुटला.

मग पैसा लावणाऱ्यांच्या बैठकीत प्रश्न आला, “सात मीटर म्हणजे पोस्टरवर केवढी दिसणार?” आकडा आधी १० झाला, मग १४. नामशेष झालेल्या डाइनोसुकस या अवाढव्य मगरवर्गीय प्राण्याची लांबीसुद्धा साधारण १० ते १२ मीटर मानतात. आपली मगर तर त्याच्याही पुढे गेली. ७ चे १४ केले म्हणजे फक्त एक आकडा बदलला, असंच त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांना वाटलं असणार.

पण १४ मीटरच्या जनावराला दोन माणसं दोरीनं कशी बांधणार? शेवट गेला. त्याच्या जागी मगर धरणाची उतरती भिंत चढून वर येते, जीपचा पाठलाग करते आणि स्फोटात मरते, असा नवा शेवट आला. चिंचोळा बोळही गेला, कारण ती त्यात मावेना. नावाड्याला कामच उरलं नाही, म्हणून तो अर्ध्यातच मारला गेला.

अडचण

चाचणी खेळाला लोक हसतील अशी सगळ्यांना धास्ती होती. लोक हसले नाहीत. मगर पडद्यावर असताना ते मोबाइल बघत होते, आणि ते हसण्यापेक्षा वाईट. अभिप्रायांच्या कागदांवर एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत येत होतं: मगर खोटी वाटते.

त्यामुळे सगळं खापर व्हीएफएक्सवर, म्हणजे संगणकावर मगर घडवणाऱ्या कामावर, फुटलं. ते मला पटलं नाही, आजही पटत नाही. खवल्यांवरचा चिखल, पापणीवर ओघळणारं पाणी, जबड्याच्या कडेला बाहेर दिसणारे दात, ही कामं उत्तम होती. एकच ठळक चूक होती ती जिभेची. एका शॉटमध्ये मगर जीभ बाहेर काढून दात चाटते. मगरीची जीभ जबड्याच्या तळाशी जखडलेली असते, ती बाहेर येत नाही. पण असे शॉट काढून टाकता येतात. खरा घोटाळा निराळा होता.

लांबी दुप्पट केली आणि बाकी प्रमाण तेच ठेवलं, तर वजन आठपट होतं. गॅलिलिओनं १६३८ मध्येच लिहून ठेवलेलं हे गणित आहे. ७ मीटरची मगर दीड टनाची धरली तर १४ मीटरची बारा टनांची झाली. एवढं धूड वळायला, उचललं जायला, पाण्यात आदळायला वेळ घेतं. छोट्या प्रतिकृती वापरून चित्रण करणाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे: प्रतिकृती एक चतुर्थांश आकाराची असेल तर कॅमेरा दुप्पट वेगानं चालवतात, म्हणजे पडद्यावर सगळं संथ, जड दिसतं. आकार दुप्पट तर हालचालीला साधारण १.४ पट वेळ हवा. आमच्या मगरीच्या हालचाली मात्र ७ मीटरच्या हिशेबानं आधीच बसवून झाल्या होत्या. आकडा बदलल्यावर मॉडेल मोठं केलं, हालचाल तीच ठेवली. बारा टनांचं जनावर सरड्यासारखं सळसळत होतं. प्रेक्षकाला गणित माहीत नसतं, पण जड वस्तू कशी हलते हे त्याच्या अंगाला माहीत असतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. या मगरीला कसलाच नियम नव्हता. एका प्रसंगात माणसं गुडघाभर पाण्यात उभी आहेत आणि ती त्यांच्या पायाखालून वर येते. १४ मीटरची मगर गुडघाभर पाण्यात लपली कुठे? एका रात्री तिला लांबच्या काठावरची चाहूल लागते, दुसऱ्या रात्री शेजारून जाणारी होडी कळत नाही. जमिनीवर कधी ती धापा टाकते, कधी जीपला गाठते. कथेला जेव्हा जे हवं तेव्हा ती ते करते. मग प्रेक्षकानं घाबरायचं कशाला? पुढच्या पायरीवर पाय ठेवला तर धोका आहे आणि मागच्या पायरीवर नाही, हे कळलं तरच माणूस त्या पायरीकडे टक लावून बघतो. धोका सगळीकडेच असेल तर बघायची जागाच उरत नाही.

शिवाय पहिल्या अर्ध्या तासात पाच माणसं मरत होती आणि त्यातल्या एकाचंही नाव प्रेक्षकाला कळत नव्हतं.

समोरचे पर्याय

बैठकीला निर्माता, दिग्दर्शक, व्हीएफएक्सची प्रमुख, साउंड डिझाइनर आणि मी होतो.

शेवट नव्यानं चित्रित करणं हा सगळ्यांत सरळ मार्ग, पण वस्तीचा सेट मोडलेला होता आणि पैसेही उरले नव्हते. मगरीचे सगळे शॉट नव्यानं ॲनिमेट करायला वेळ नव्हता. चित्रपटाला विनोदी वळण द्यावं, लोकांनी हसत बघावा, असंही एक मत आलं. दिग्दर्शकानं ते तिथल्या तिथे नाकारलं, आणि मला त्याचं म्हणणं रास्त वाटलं. कलाकार प्रत्येक शॉटमध्ये जीव ओतून घाबरले होते. त्यांच्या त्या कामावर नंतर हसू चढवणं हा त्यांच्यावर अन्याय झाला असता.

उरला पर्याय मगर कमी दाखवण्याचा. इथे अपेक्षेप्रमाणे ‘जॉज’चं नाव निघालं. १९७५ च्या त्या चित्रपटात यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बंद पडायचा, ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं आणि दिग्दर्शकाला शार्क न दाखवताच काम भागवावं लागलं, ही गोष्ट या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. तिच्यातून धडा काढला जातो तो एवढाच, की जनावर लपवा. मला हा धडा अपुरा वाटतो. शार्क दिसत नव्हता, पण त्याला जोडलेली पिवळी पिंपं दिसत होती. पिंप वर आलं की तो कुठे आहे हे कळायचं, पिंप खाली गेलं की त्याची ताकद कळायची. प्रेक्षकाकडे जनावराची पक्की खबर होती, फक्त ती डोळ्यांदेखतच्या जनावराकडून मिळत नव्हती. नुसतं लपवून काही होत नाही. लपवलेल्या जनावराचा ठावठिकाणा सांगणारं काहीतरी पडद्यावर लागतं.

मी मांडलेला पर्याय असा: मगरीला चार नियम लावायचे आणि सगळा चित्रपट त्यांच्याभोवती पुन्हा कापायचा. ती खोल पाण्यातूनच हल्ला करते. ती वर येण्याआधी पाणी फुगतं. जमिनीवर ती थोड्याच अंतरापर्यंत जोर लावू शकते, मग दमते. आणि धरणाच्या मोजणी-धक्क्याची वरची पायरी तिच्या पोहोचेबाहेर आहे. मगरीचं दमणं खरंही आहे. मोठ्या मगरी काठावर जोरदार झेप घेतात, पण फार वेळ दम धरू शकत नाहीत.

“एवढा पैसा त्या मगरीवर घातलाय, आणि तुम्ही तिला पाण्याखालीच ठेवायला सांगताय?” निर्माता म्हणाला. त्याची चिंता खोटी नव्हती. ट्रेलर बाहेर पडला होता आणि त्यात मगरीचे सगळे मोठे शॉट होते, भिंत चढणारा आणि जीपमागे धावणारासुद्धा. लोक तेच बघायला येणार होते.

शेवटी ठरलं ते असं. पहिले दोन तृतीयांश नियमांनुसार पुन्हा कापायचे, थोडं पॅचवर्क, म्हणजे काही छोटे शॉट नव्यानं घेण्याचं काम, करायचं, आवाज नव्यानं बांधायचा. जीपचा पाठलाग मात्र राहणार.

काय केलं

सगळ्यांत जास्त फरक एका प्रसंगानं पडला. तो जरा बारकाईनं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

नायिका मोजणी-धक्क्यावर वाकून पाण्याची पातळी वहीत लिहीत असते. काँक्रीटच्या खांबावर आकडे रंगवलेली पट्टी आहे. पहिल्या कटमध्ये इथे संगीत चढत जायचं आणि मगर उसळून बाहेर यायची. रशेस चाळताना मला त्याच पट्टीचा एक लांबलचक शॉट सापडला. कॅमेरामननं प्रकाश तपासायला म्हणून घेतलेला, दुरून गेलेल्या बोटीच्या लाटेनं पाणी सावकाश वर चढतं, एक कोरडा आकडा ओला करतं आणि खाली उतरतं. बस्स. तो शॉट मी पूर्ण लांबीनं ठेवला. त्याआधी नायिका आकडा मोठ्यानं उच्चारते आणि लिहिते. मग पट्टी. पाणी चढतं, उतरतं. नायिका पुन्हा बघते, आकडा तोच आहे, पण त्याच्या वरचा आकडा ओला आहे. वारा नाही, बोट नाही. ती वही मिटते आणि एक पायरी वर चढते. मगर दिसतच नाही.

आता प्रेक्षकाच्या हातात मोजपट्टी आली. पुढे जिथे जिथे पाण्याची कड दिसते, मग ती घराच्या भिंतीवरची असो की होडीच्या फळीवरची, तिथे ती चढते का हे लोक आपणहून शोधू लागतात. पॅचवर्कमध्ये आम्ही असे आणखी काही साधे शॉट घेतले: ओली होणारी वीट, काठावरून तरंगत सुटलेली चप्पल. त्यांना व्हीएफएक्स लागलं नाही.

आवाजाचं कामही असंच झालं. मूळ मगर वाघ आणि हत्तीच्या मिश्रणासारखी डरकाळी फोडायची. साउंड डिझाइनरनं ती काढली. मगर दबा धरून शिकार करणारं जनावर आहे, हल्ल्याआधी ओरडून ती सावज का पळवेल? त्याऐवजी त्यानं खऱ्या मगरीचं एक वैशिष्ट्य उचललं: नर मगर माणसाच्या कानाला ऐकू न येणारा अतिशय खालचा आवाज काढतो आणि त्या कंपनानं त्याच्या पाठीवरचं पाणी थेंबाथेंबानं नाचू लागतं. आमच्याकडे नाचणारे थेंब नव्हते, पण खालच्या पट्टीतली घरघर होती. पाणी फुगण्याच्या जरा आधी किडे आणि बेडूक गप्प होतात आणि ती घरघर ऐकण्यापेक्षा छातीत जाणवते. १९५४ च्या ‘देम!’ या चित्रपटात राक्षसी मुंग्या दिसण्याआधी त्यांचा चिरका आवाज येतो आणि पुढे तो नुसता आला तरी पुरतो, तोच मार्ग. जबडा मिटण्याचा आवाज मात्र कोरडा, लाकडी दार आपटल्यासारखा ठेवला.

हालचालीचा वेग जिथे सुधारता आला तिथे सुधारला. मगरीचं चित्र माणसांपासून वेगळ्या थरात होतं अशा शॉटमध्ये तिला संथ केलं. माणूस आणि मगर एकमेकांना भिडतात अशा शॉटमध्ये ते जमेना, कारण माणूसही संथ होत होता. ते शॉट मी आखूड केले किंवा नायिकेच्या चेहऱ्यावर कापले.

पाच अनामिकांपैकी तिघांचे मृत्यू काढून टाकले. त्यातून वाचलेला वेळ भावाला दिला. रशेसमध्ये बहीणभावाचं होडीच्या गळतीवरून झालेलं एक भांडण होतं, लांबी कमी करायची म्हणून आधी उडवलेलं. “तायडे, तू फक्त आकडे लिही, पाणी मला कळतं,” असं तो तिला म्हणतो. ते परत आणलं.

जीपचा निर्णय

दुसऱ्या चाचणी खेळात पहिला तासभर थिएटरमध्ये चिडीचूप होती. एकही मोबाइल उजळला नाही. धक्क्याच्या प्रसंगात पुढच्या रांगेतली काही मंडळी पाय वर घेऊन बसली. आणि शेवटच्या वीस मिनिटांत सगळं कोसळलं. पहिल्या खेळापेक्षा वाईट.

कारण उघड होतं. पहिल्या कटमध्ये मगर कुठेही काहीही करत होती, तेव्हा ती भिंत चढली काय आणि जीपमागे धावली काय, लोकांना फरक पडत नव्हता. आता आम्ही तासभर खपून त्यांना शिकवलं होतं की वरच्या पायरीवर गेलं की वाचलो, आणि ती जमिनीवर दमते. आणि मग तीच मगर भिंत चढून येते आणि रस्त्यावरून धावत सुटते. लोकांना ही फसवणूक वाटली. एका अभिप्रायात लिहिलं होतं, “मग आधी पायऱ्या कशाला दाखवल्या?”

नियम मोडू नये असं मी म्हणत नाही. ‘जॉज’मध्येही तीन पिंपं लावल्यावर तो खाली राहू शकणार नाही असं छातीठोकपणे सांगितलं जातं, आणि तो तिन्ही पिंपं घेऊन खाली जातो. पण तिथे आधी एका पिंपानं, मग दोन पिंपांनी ती कसोटी चढवत आणलेली असते, आणि बोटीवरच्या माणसांचे चेहरे उतरतात. आमच्याकडे मगर भिंत चढते तेव्हा एकाही पात्राला त्याचं आश्चर्य वाटत नाही, कारण चित्रीकरण झालं तेव्हा नियमच नव्हते.

मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, पाठलाग पूर्ण काढायचा. जीप पाण्याजवळच्या चिखलात रुतलेली आहे आणि चाकं जागच्या जागी फिरताहेत, असे शॉट रशेसमध्ये होते. तेवढ्यावर शेवट रचायचा, म्हणजे मगर पाण्याच्या कडेलाच राहते आणि नियम टिकतो. दोन, ते नको असेल तर नायिकेच्या तोंडी डबिंगमध्ये एक वाक्य घालून निदान तिला तरी धक्का बसू द्यायचा. निर्मात्यानं पहिली सूचना फेटाळली. ट्रेलरमधला सगळ्यांत महागडा शॉट चित्रपटातच नसेल तर लोक शिव्या देतील, असं त्याचं म्हणणं. दिग्दर्शक बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याच्या बाजूनं गेला. डबिंगचं वाक्य घातलं गेलं.

निकाल

चित्रपट प्रदर्शित झाला आणि पहिल्या आठवड्यानंतर गर्दी ओसरली. बघून आलेले लोक जे बोलत होते ते दुसऱ्या चाचणी खेळासारखंच होतं: सुरुवात झकास, शेवटी माती खाल्ली. नायिकेच्या आणि आवाजाच्या कामाचं कौतुक झालं. ‘मगर खोटी वाटते’ ही तक्रार मात्र पुष्कळ कमी झाली, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण मगरीचं मॉडेल एका खवल्यानंही बदललेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी संकलनाच्या टेबलावर नव्हतीच, ती आकडा बदलला त्या बैठकीत होती. ७ चे १४ करताना कोणीतरी पटकथा उघडून एवढंच विचारायला हवं होतं, की या लांबीला कोणकोणते प्रसंग टिकतात? दोरी टिकत नाही, बोळ टिकत नाही, कमरेएवढं पाणी टिकत नाही, नावाडी टिकत नाही. मग १४ हवेच असतील तर पटकथा पहिल्या पानापासून नव्यानं लिहायची, नाहीतर ७ वरच थांबायचं. पोस्टरसाठी कॅमेरा खाली ठेवून ७ मीटरची मगरही हवी तेवढी अजस्र दाखवता आली असती.

जनावराचे नियम चित्रीकरणाआधी एका कागदावर उतरवून दिग्दर्शक, कॅमेरामन, ॲनिमेटर आणि साउंड डिझाइनर या चौघांच्या हातात द्यायला हवे होते. आमच्याकडे प्रत्येकाच्या डोक्यात आपापली मगर होती. हालचालीचे कच्चे आराखडे आकड्यासोबत बदलले असते तर वजनाचा घोटाळा फार कमी खर्चात सुटला असता.

पहिल्या चाचणी खेळाआधी ट्रेलर बाहेर काढणं हा दुसरा कळीचा निर्णय. त्यानं पुढचे सगळे पर्याय बांधून टाकले. ट्रेलरमध्ये मोजपट्टीचा शॉट आणि जबड्याचा आवाज एवढंच असतं, तर जीपचा पाठलाग कापायला कोणाची हरकत नसती.

आणि दुसऱ्या खेळानंतर, पाठलाग ठेवायचाच होता तर पहिल्या भागातला जमिनीवर दमण्याचा नियम सैल करायला हवा होता का? यावर आमचं एकमत झालं नाही. साउंड डिझाइनरचं म्हणणं, हो, धापा टाकण्याचे दोन आवाज काढले असते तर शेवट एवढा खटकला नसता. मला ते पटत नाही. त्या धापांमुळेच नावाड्याचा मृत्यू अंगावर येतो: तो पळत सुटतो, ती दमून थांबते, आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि तो पाण्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन उभा राहतो. ते वाचवून शेवट कापावा, असंच मी त्या बैठकीत परत म्हटलं असतं.